'मना' की 'मला'?

बी.एड.चा निकाल लागून महिना झाला होता आणि नोकरीचा पत्ता नव्हता. घरात बसून काय करायचं, म्हणून तालुक्यातल्या एका मुलांच्या निवासी शाळेत विचारलं. मराठीचे सर लांब रजेवर होते. मुख्याध्यापक म्हणाले, "पगार देता येणार नाही, पण मदतीला आलात तर बरं होईल." मी हो म्हटलं.

जूनचा पाऊस. बुरोंडीहून सकाळची एसटी पकडली. अम्मीने डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकं दिलं होतं. डोक्यावरची ओढणी मी वाटेत तीनदा सारखी केली. शाळेत सगळी मुलं, आणि मी पहिल्यांदाच शिकवणार.

आठवीच्या वर्गात हजेरी घेतली. 'चौगुले' दोन निघाले, एक हिंदू, एक मुसलमान. दोघे एकाच बाकावर, एकाच वेळी "हजर!" कोळी, कुणबी, बौद्ध, कोकणी मुसलमान अशी घराघरांतली मुलं. मागे एक नेपाळी मुलगा होता; त्याचे वडील आंब्याच्या बागेत राखणीला. कोणी मला बाई म्हणे, कोणी मॅडम, दोघंतिघं आपा.

धड्यावरचा प्रश्न मी हर्णैकडच्या एका कोळ्याच्या मुलाला विचारला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मना ठाव नाय."

"मना नाही, मला म्हणायचं. ठाव नाय नाही, माहीत नाही. शुद्ध बोल."

वर्ग हसला. तो खाली बसला आणि मग मान वर केलीच नाही. मला वाटलं, चला, शिकवायला सुरुवात झाली.

मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि घास अडकला. माझी नानी आयुष्यभर 'मना'च म्हणत आली. आमच्या घरात उर्दू पुस्तकांतली, नमाज अरबीतली, पण चुलीपुढे बोलायची ती कोकणीच. पाचवीत मी वर्गात 'मना' म्हटलं तेव्हा अशीच मुलं हसली होती. त्यानंतर मी दोन वर्षं वर्गात आपणहून बोलले नाही. आणि पहिल्याच दिवशी मी तेच दुसऱ्याच्या पदरात टाकलं होतं.

दुपारच्या तासाला पुस्तक मिटून ठेवलं. वर्गासमोर म्हटलं, "सकाळी माझं चुकलं. माझी नानीपण मना म्हणते. पेपरात आपण 'मला' लिहू, ती पुस्तकाची भाषा. पण 'मना' अशुद्ध नाही, ती घरची भाषा." मग फळ्यावर लिहिलं: हजेरी, दप्तर, कागद, शाई, हंगाम. "हे शब्द कुठले?" सगळे म्हणाले, मराठी. बरोबरच. पण आलेत अरबी-फारसीतून. पगार आणि चावी पोर्तुगीजांकडून. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी कितीतरी शब्द आपल्या तोंडी राहिलेच.

"आता तुमच्या घरचे शब्द सांगा."

नेपाळी मुलाने पाण्याला 'पानी' आणि भाताला 'भात' सांगितलं, वर्गाला गंमत वाटली. शेवटी तो कोळ्याचा मुलगा हळूच म्हणाला, "नाखवा." होडीचा मालक. मी सांगितलं, हा शब्द फारसी 'नाखुदा'वरून आला. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर का ओढतात, ते त्याने पाच मिनिटं सांगितलं. त्याच्या भाषेत. कोणी हसलं नाही.

आपल्याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरला शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढत. मुलांशी आधी नातं, मग धडा, हे बी.एड.ला आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मला ते शिकवलं एका गप्प झालेल्या मुलाने.

आज उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. शुद्धलेखनाचे गुण कापते, तो नियम आहे. पण बोलणाऱ्या मुलाला मध्येच थांबवत नाही. वही नंतर सुधारता येते. मिटलेलं तोंड पुन्हा उघडेल याची खात्री नसते. त्या दिवशी ते उघडलं, हे माझं नशीब.