कुंडीतला डेलिया आणि कुंडीचा डेलिया

हिवाळ्यातल्या पुष्पप्रदर्शनात बक्षीस मिळवणारा डेलिया सहसा कुंडीतच असतो. बारा इंची कुंडी, तीन-चार काठ्यांचा आधार, बाजूच्या सगळ्या कळ्या वेळेवर खुडलेल्या आणि वर ताटाएवढं एकच फूल. त्या कुंडीमागचं कसब मला मान्य आहे, पण ते माळ्याचं कसब आहे. त्या झाडाचा वाण तयार झाला तो जमिनीसाठी आणि मोठ्या फुलासाठी. कुंडीत तो नंतर बसवला गेला. काठी काढा, दोन दिवस पाणी चुकवा, मे महिन्यात कुंडी गच्चीवर राहू द्या, की तो कुणाचा आहे हे लगेच कळतं. कुंडीत वाढवलेला डेलिया आपल्याकडे पुष्कळ आहे, कुंडीसाठी काढलेला मात्र क्वचितच. मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या ठिकाणी असा वाण काढायचा तर बहुतेक जण आधी बुटक्या झाडाचा विचार करतात. मला तो क्रमच उलटा वाटतो. उंची हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग मातीखाली आहे. कंद किती मोठा होतो, कधी धरतो आणि इथला उन्हाळा काढून पुन्हा फुटतो की नाही, यावर कुंडीचा वाण ठरतो. म्हणून निवडही इथल्या कुंडीत, इथल्या दिवसमानात आणि इथल्या मे महिन्यानंतरच व्हायला हवी.

दिवसमानापासून सुरुवात करू, कारण सगळा गुंता तिथे आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. 1789 मध्ये तो तिथून माद्रिदच्या वनस्पती उद्यानात गेला आणि 1791 मध्ये काव्हानिल्येस यांनी स्वीडनच्या आंद्रेआस डाल यांच्या स्मरणार्थ त्याला नाव दिलं. मेक्सिको शहर एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, बालाघाट पावणेबावीस अंशांवर. म्हणजे दोन्हीकडचे दिवस जवळपास सारखेच मोठे होतात आणि सारखेच लहान. एवढ्यावरून डेलियाला बालाघाट मानवेल असं वाटतं, पण ऋतू जुळत नाहीत. मायदेशी तो पावसाबरोबर फुटतो, मोठ्या दिवसांत पानं आणि फांद्या वाढवतो, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतो आणि दिवस लहान झाले की कंदात अन्न साठवून कोरड्या हिवाळ्यात झोपतो. ते सगळं घडतं दोन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर, थंड हवेत. आपल्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात जून-जुलैत हवा उष्ण आणि दमट, मुळांशी पाणी साचलेलं, म्हणून लावणी ऑक्टोबरात. तेव्हा दिवस आधीच बारा तासांच्या खाली आलेला असतो आणि डिसेंबरात तो पावणेअकरा तासांवर येतो. थोडक्यात, मेक्सिकोत ज्या वेळी डेलियाचा हंगाम आवरतो, त्या वेळी आपला सुरू होतो. दिवस अकरा-बारा तासांहून लहान झाला की हे झाड कंद धरू लागतं. आपण त्याच्याकडे फांद्या मागतो आणि तो सारं अन्न मुळांकडे धाडतो. कळी लवकर बसते, पण पाकळ्यांच्या ओळी कमी भरतात आणि भरगच्च म्हणून लावलेल्या फुलाचा मधला पिवळा डोळा उघडा पडतो. लोक खताला दोष देतात. खताचा संबंध थोडा, सूर्याचा जास्त.

आता हे कुंडीत घडतंय असं धरा. आठ इंची कुंडीत माती मावते चार-एक लिटर. जमिनीत कंदांचा घोस पसरायला जागा असते. कुंडीत तो मातीचीच जागा खातो. डिसेंबर संपेपर्यंत काही वाणांचे कंद कुंडीच्या भिंतीला टेकतात. मग पाणी धरायला माती उरत नाही, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि फुलण्याच्या दिवसांतच झाड दुपारी माना टाकतं. त्यावर जास्त पाणी हा उपाय केला की कंद सडतो. म्हणून कुंडीच्या वाणाचं पहिलं लक्षण मी कंदाच्या आकारात शोधतो: घोस आटोपशीर, कंद आखूड आणि त्यांची मान जाड. मानेचं महत्त्व बागायतदार कमी लेखतात. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचे डोळे फक्त कंद जिथे खोडाला जुळतो त्या भागावर. लांब, बारीक मानेचा कंद कुंडी रिकामी करताना हमखास मोडतो, आणि डोळ्यापासून तुटलेला कंद कितीही टणक असला तरी फुटत नाही. शिवाय त्याची साल पातळ, बटाट्यासारखं जाड बुचाचं कवच नाही; कोरड्या उष्ण हवेत तो सुरकुततो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि उन्हातल्या कुंडीतली माती हवेहूनही तापते. त्यात कंद आक्रसतात. जे उरतात ते पावसाळ्याच्या ओलीत कुजतात. याला उत्तर सावलीतली साठवण आहेच, पण त्याच साठवणीत एका वाणाचे कंद निम्मे उरतात आणि दुसऱ्याचा एकही उरत नाही. या फरकात आनुवंशिक भाग असतो, आणि जिथे आनुवंशिक फरक आहे तिथे निवड करता येते.

पहिला आक्षेप येतो तो औषधवाल्यांचा. नवा वाण काढायला वर्षं घालवण्यापेक्षा वाढ रोखणारं रसायन वापरा, झाड आपोआप बुटकं राहील. ही सूचना हास्यास्पद नाही. परदेशात बाजारात येणाऱ्या कुंडीतल्या डेलियांवर अशी संजीवकं सर्रास वापरली जातात, आणि त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल आपल्याला नवं नाही. कोकणातले हापूस बागायतदार ते कल्टार म्हणून वर्षानुवर्षं ओळखतात. पण आंब्याच्या झाडाला ते देण्यामागचा हेतू वेगळा आणि त्याभोवतीची माती अफाट. चार लिटर मातीत मात्रेची थोडी चूकही महागात पडते, आणि हे द्रव्य मातीत बराच काळ टिकतं. मुख्य अडचण पुढची आहे. रसायनाने फांदी आखडते, वाण बदलत नाही. पुढच्या वर्षी त्याच कंदाचा फुटवा घेतला की झाड आपल्या मूळ उंचीला जातं आणि घेणाऱ्याला वाटतं आपल्याला भलतंच रोप विकलं. शेंडा खुडण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तो खुडावाच, पण ज्याला तीनदा खुडल्याशिवाय आकार येत नाही तो वाण कुंडीचा म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बुटके डेलिया जगात आधीच आहेत, तर पुन्हा कशाला? स्कॉटलंडमध्ये 1920 च्या दशकात निघालेला एकेरी फुलांचा कोल्टनेस जेम, बियांपासून येणारे फिगारो आणि रिगोलेटो, हॉलंडची गॅलरी मालिका: गुडघ्याहून बुटकी, काठीशिवाय उभी राहणारी ही झाडं आहेत आणि मला त्यांचा आदर आहे. त्यातली काही आपल्याकडे बियांच्या पाकिटात मिळतातही. पण ॲमस्टरडॅमला जूनमधला दिवस पावणेसतरा तासांचा असतो. तिथे ज्या रोपाची निवड झाली ते मोठ्या दिवसांत सुडौल आणि भरगच्च दिसलं म्हणून झाली. अकरा तासांच्या दिवसात ते कसं वागेल याची परीक्षा तिथे कुणी घेतली नाही, घेण्याचं कारणही नव्हतं. तिथे कंदाला थंडीतून जगवायचं असतं, आपल्याला उन्हाळ्यातून. या दोन परीक्षा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. बालाघाटच्या धान उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते वाण, माती आणि हवा यांची सांगड ओळखूनच. आणि कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी मातीची नावं ज्या भागात धानाच्या हिशेबाने पडली, तिथे सगळीकडे एकच वाण चालेल असं कुणी म्हणणार नाही. फुलांच्या बाबतीत मात्र आपण पाकिटावरच्या चित्रावर विश्वास ठेवतो.

तरीही परदेशी बुटके वाण टाकून द्यावेत असं माझं मत नाही. उलट कामाची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. यामागे गणित आहे. बागेतला डेलिया अष्टगुणित आहे, त्याच्या पेशीत 64 गुणसूत्रं असतात. इंग्लंडच्या जॉन इनिस संस्थेत डब्ल्यू. जे. सी. लॉरेन्स यांनी 1930 च्या आसपास फुलांच्या रंगांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की जनुकं चार-चार प्रतींच्या गटाने उतरतात आणि इथे मेंडेलचे साधे तीनास-एक आकडे लागू पडत नाहीत. एखादं लक्षण अप्रभावी असेल आणि त्याच्या जनुकाच्या चार प्रतींपैकी दोनच त्या बाजूच्या असतील, तर तशा दोन झाडांच्या संकरात ते छत्तीसांत एका रोपात उघडं पडतं. साध्या द्विगुणित झाडात ते चारांत एका रोपात दिसलं असतं. छत्तीसांत एक हे प्रमाण हाती लागण्याची पंचाण्णव टक्के खात्री हवी तर शंभराहून थोडी अधिक रोपं लावावी लागतात. अशी दोन लक्षणं एकाच रोपात हवी असतील तर प्रमाण 1296 मध्ये एक, आणि तेवढ्याच खात्रीसाठी जवळपास चार हजार रोपं. उंची काही एका जनुकाची करामत नाही, म्हणून हे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावेत. पण दिशा स्पष्ट आहे. भल्यामोठ्या फुलाचा वाण आणि बुटका वाण यांचा संकर करून दोघांचं चांगलं ते एकत्र आणू हा लाडका बेत घरगुती संवर्धकाच्या आवाक्याबाहेरचा आहे. दोन्ही पालक बुटके घेतले तर संततीतला उंचीचा प्रश्न बराचसा सुटतो, आणि शंभर-दोनशे रोपांमध्ये आपल्याला कंद, दिवसमान आणि उन्हाळा यांवर निवड करायला वाव राहतो.

लॉरेन्स यांचं नाव आणखी एका कारणाने घ्यायला हवं. डेलियाच्या रंगांचा छडा लावणाऱ्या याच माणसाने जॉन न्यूएल यांच्याबरोबर 1930 च्याच दशकात कुंडीच्या मातीचं प्रमाणित मिश्रण बसवलं: सात भाग निर्जंतुक केलेली पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू, वर मोजून खत आणि चुनखडी. त्याआधी जो तो माळी आपापलं गुपित मिश्रण वापरत असे आणि रोपं एकसारखी येत नसत. निवड करणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. दोन कुंड्यांतली माती वेगळी असेल तर एक झाड चांगलं का वाढलं हे कधीच कळणार नाही. बालाघाटला पीट आणण्याचं कारण नाही. वारासिवनी आणि आसपासच्या भातगिरण्यांतून मिळणारा धानाचा तूस अर्धवट जाळून काळा केला तर हलका, निचरा होणारा भाग तयार होतो. मात्र तो पूर्ण जाळून पांढरी राख होऊ देऊ नये, राखेने मिश्रण अल्कधर्मी होतं. नुसती कन्हार कुंडीत भरू नये, ती पाणी धरून बसते आणि वाळली की आक्रसते. मिश्रण कोणतंही घ्या, पण सगळ्या रोपांना एकच, आणि कुंडी एकाच मापाची.

निवडीची रीत त्यातूनच निघते. पहिल्या वर्षीच्या रोपावर फूल, पान आणि बांधा पाहावा, कंदावर निर्णय करू नये. बियांपासून आलेल्या रोपाचा पहिला कंद त्याची खरी सवय दाखवत नाही. पसंत पडलेल्या रोपांच्या छाटांपासून दुसऱ्या वर्षी झाडं करावीत आणि त्यांना काठी, संजीवक किंवा खास लाड काही देऊ नये. हंगाम संपला की कुंड्या सावलीत कोरड्या ठेवाव्यात आणि सप्टेंबरात जिवंत उरलेल्या कंदांची मोजणी करावी. यात सुंदर फुलाची रोपं जातील. जाऊ द्यावीत. संवर्धकाचा हात इथेच अडखळतो आणि मग तेच रोप फ्रीजच्या खालच्या खणात वाचवलं जातं. संकर करताना एकेरी किंवा कॉलरेट फुलांकडे लक्ष द्यावं असं मी सुचवेन, निदान एका फळीसाठी. लहान दिवसात डोळा उघडा पडणं हा भरगच्च फुलाचा दोष ठरतो. ज्याचा डोळा मुळातच उघडा, त्याचं त्यात काही बिघडत नाही. परागही तिथेच असतो. मधल्या नळीसारख्या लहान फुलांत आधी पुंकेसर पिकतात, स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी, आणि झाड सहसा स्वतःचा पराग स्वीकारत नाही, त्यामुळे घरच्या घरी संकर करणं सोपं जातं. पूर्ण भरगच्च फुलात पराग शोधत बसावं लागतं.

इतकं करून काय मिळणार, बंगालच्या रोपवाटिकांतून दरवर्षी नवी रोपं येतातच की, हा तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. ज्याला हंगामापुरतं फूल हवं त्याने रोप विकत घ्यावं. पण कंद टिकत नसल्यामुळे दरवर्षी नवं रोप घ्यावं लागणं हे वाणाचं अपयश आहे, आणि ते ग्राहकाच्या सवयीत झाकलं गेलंय. हे काम संस्थांचं, एकट्यादुकट्याचं नाही, असंही म्हटलं जातं. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा न खुडता, काठी न लावता कुंडीत गोल भरणारे शेवंतीचे वाण काढले, हे संस्थेच्या ताकदीचं उदाहरण खरंच. पुण्यात आता पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. पण पुण्याची हवा बालाघाटची नव्हे. बालाघाटला टिकलेला वाण गोंदिया, भंडारा, नागपूरला चालावा, याहून मोठा दावा करू नये. आणि भारतातल्या डेलियाचा इतिहास संस्थांपुरता नाही. भिक्खूज मदर हा आजही प्रदर्शनांत दिसणारा वाण रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांच्या हातचा. त्यांची नजर भव्य फुलावर होती. आपली कंदावर असेल, इतकंच.

एक धोका मात्र मला टाळता येत नाही. कंद आणि छाट यांनी वाढवलेल्या वाणात मोझॅक विषाणू वर्षागणिक साठत जातो, मावा तो एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेतो, आणि उन्हाळा काढणारा कंद विषाणूलाही उन्हाळा काढून देतो. बीज घेतलं की सुटका होते असंही पूर्ण खरं नाही. या विषाणूची एक जात बियांतूनही पुढे जाते असं आढळलं आहे. म्हणून मी एका नामांकित रोपापेक्षा तीन-चार नात्यातल्या रोपांचं कुटुंब जपण्याच्या बाजूचा आहे, म्हणजे एक ठिपकाळलं तर ते निःसंकोच उपटता येईल.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर या कामाला वेग येईल. वेळापत्रकात एक नवा वर्ग ठेवावा: आठ इंची कुंडी, काठी नाही, संजीवक नाही, आणि कंद त्याच घरात किमान दोन उन्हाळे काढलेला. फुलाचा व्यास मोजू नये. गुणांतले निम्मे गुण परीक्षकांनी कुंडी रिकामी करून, घोस पाण्याने धुऊन, मानेवरचे डोळे मोजून द्यावेत. त्यासाठी स्पर्धकाने त्याच वाणाची दुसरी कुंडी आणावी, म्हणजे सजवलेली कुंडी शाबूत राहील.