आजीची जास्वंद

कोकणातल्या घरापुढे अंगण असते आणि अंगणाच्या कडेला बहुधा एखादी जास्वंद असते. पेणमध्ये मात्र या झाडाला इतर गावांपेक्षा अंमळ अधिक मान आहे. गणपतीच्या मूर्ती घडविणारे हे गाव. भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधीपासून येथील कारखान्यांत आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींच्या रांगा लागतात. येथून निघालेला गणपती मुंबईलाच काय, समुद्रापलीकडेही जातो. आणि जेथे गणपती, तेथे तांबडे फूल हवेच.

अशाच एका घरातल्या आजीची ही जास्वंद. एकेरी, पाच पाकळ्यांची, लालभडक. आजीचे माहेर रोह्याचे. लग्न होऊन ती पेणला आली तेव्हा कुंडलिकेकाठच्या त्या घराच्या परसातून एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिने आणली होती. सोबत आलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवरची नावे झिजून पुसट झाली. काडीचे मात्र झाड झाले. चतुर्थीला घरच्या गणपतीला विकतचे फूल वाहायचे नाही, हा आजीचा नेम होता आणि तो कधी मोडला नव्हता.

एका माघात आजी भावाकडे रोह्याला गेली. परतताना त्या मूळ झाडाची आणखी एक काडी तिने घेतली. जुन्या झाडाला सोबत होईल, एवढाच तिचा विचार. नागोठणे, वडखळ करीत एस.टी.ने ती काडी पेणला आली. तिच्या पानांच्या बेचक्यांत लपून काही बिनतिकिटाचे प्रवासीही आले, हे आजीच्या ध्यानात आले नाही.

चैत्र लागला आणि जास्वंदीचे रूप पालटू लागले. कोवळे शेंडे सरळ वाढण्याऐवजी आवळलेल्या मुठीसारखे गोळा झाले. पाने चुरगळली. कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. फांद्यांवर कापसाचे पुंजके चिकटवल्यासारखे पांढरे काहीतरी दिसू लागले. खालची पाने चिकट झाली, त्यांवर काजळी धरली आणि खोडावरून मुंगळ्यांची ये-जा सुरू झाली. आजीला ती बुरशी वाटली. शेजारच्या गृहस्थांनी एखादे कडक औषध आणि फवारणीचा पंप आणून देण्याची तयारी दाखविली. आजी म्हणाली, “फूल देवाला जायचे आणि पोरे दिवसभर झाडाखाली खेळायची. विष नको, भाऊ.”

आजीची नात तेव्हा सातवीत होती. तिने एक शेंडा कागदात गुंडाळून शाळेत नेला आणि विज्ञानाच्या बाईंना दाखविला. बाईंनी तो पांढऱ्या कागदावर ठेवून भिंग तिच्या हाती दिले. कापसाखाली गुलाबी रंगाचे, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचे, मऊ अंगाचे किडे हळूहळू सरकत होते. टाचणीने एकाला टोचताच तांबूस रस आला. बुरशीला कोठले पाय आणि कोठला रस! हा होता पिठ्या ढेकूण. तो सोंडेने झाडाचा रस शोषतो आणि त्याच्या लाळेने शेंडे आवळून जातात. मादी कापसासारख्या पिशवीत पाचशेच्या आसपास अंडी घालू शकते. तिच्या अंगातून गोड, चिकट पाणी पाझरते. त्यावर काजळी वाढते आणि त्याच्याच लोभाने मुंगळे येतात. ते या किड्यांची गुरांसारखी राखण करतात आणि त्यांना खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकून लावतात.

बाईंनी विचारले, “आजींनी नवे रोप कोठून आणले होते का ग?”

तेव्हा कोठे रोह्याच्या काडीचा उलगडा झाला. काडीबरोबर कीड गावोगाव जाते, एवढेच नव्हे, तर समुद्र ओलांडूनही जाते. हाच किडा १९९४ साली वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावर आढळला आणि तेथल्या जास्वंदीची फार दुर्दशा झाली. औषधे मारून तो आवरेना, तेव्हा त्याला खाणारे कीटकच परदेशांतून आणून सोडावे लागले. पेणच्या अंगणात मात्र लढाई हातांनीच करायची ठरली.

आवळलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडविले. केराच्या ढिगावर टाकले असते तर किडे तेथून परत आले असते. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दिला. भिंतीला टेकलेली एक फांदी मुंगळ्यांचा पूल झाली होती, ती छाटली. खोडाला फडके बांधून त्यावर एरंडेल चोपडले. उरलेले किडे काडीने टिपून चिरडण्याचे काम नातीकडे आले. ती मोठ्या ईर्ष्येने ते करी. बारक्या किड्यांत मधूनमधून एखादी सेंटीमीटरभर लांबीची, गोगलगायीसारखी चपटी, पांढऱ्या पिठाने माखलेली जाडजूड अळी सापडे. हाच या टोळीचा म्होरक्या असणार, असे वाटून ती त्याला आधी चिरडी आणि वहीत मांडून ठेवी. पाच दिवसांत तिने एकतीस म्होरके मारले.

सहाव्या दिवशी एका पानावर तिला तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, तपकिरी वस्तू चिकटलेली दिसली. तिने भिंग धरले आणि ती दचकली. पानावरून एक माकड तिच्याकडे पाहत होते! दोन डोळे, चपटे नाक, फुगीर गाल, सारे काही जागच्या जागी. आजी धावत आली, तिने चष्मा पुसला, पाहिले आणि हात जोडले. “मारुतीराया रे!” ती म्हणाली.

बाईंचे घर जवळच होते. त्यांनी सांगितले, की हा एका लहानशा फुलपाखराचा कोश आहे. ‘एपफ्लाय’ हे त्याचे इंग्रजी नाव त्या माकडतोंडावरूनच पडले. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पाला खातात. हिची अळी पिठ्या ढेकूण खाते. ती अंगाला त्यांच्यासारखेच पांढरे पीठ माखून त्यांच्यातच राहते. साताऱ्यास १८५१ साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन नावाचे एक इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यात जकात आणि मीठ खात्यात होते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांत ते होते. या फुलपाखराच्या अळीची आणि कोशाची हकिकत त्यांनी १८९४ साली त्या संस्थेच्या नियतकालिकात छापली. मिठाचे हिशेब पाहणाऱ्याला पिठात लपलेल्या अळीकडे पाहायला सवड कशी मिळाली, हे नवलच. पण मिळाली खरी.

नातीने मान खाली घातली. तिने हळूच विचारले, “बाई, ती अळी केवढी असते?” उत्तर तिला ठाऊकच होते.

घरी येऊन तिने झाडावर उरलेली एक जाडी अळी शोधली आणि कीड लागलेल्या फांदीसकट काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला फडके बांधले. अळी कापसात तोंड खुपसून एकामागून एक किडे फस्त करीत होती. तीन दिवसांत तिने फांदी जवळजवळ स्वच्छ केली. मग तिचे माकडतोंड झाले आणि दहा-बारा दिवसांनी एका सकाळी बरणीत करड्या रंगाचे, नखाएवढ्या पंखांचे एक साधेसे फुलपाखरू बसलेले दिसले. आजीने फडके सोडले. वहीतल्या एकतीस या आकड्यावर नातीने रेघ मारली नाही. तो तसाच राहिला.

वैशाखाच्या अखेरीस रोह्याहून निरोप आला. मामाआजोबांच्या झाडावरही पांढरे पसरले होते आणि कोणा जाणत्याच्या सल्ल्याने त्यांनी ते मुळासकट काढून जाळले होते. आजी बराच वेळ ओसरीवर बसून होती. माहेरच्या त्या जास्वंदीचे आता हे एकच झाड उरले होते.

मृगाचा पाऊस लागला. त्याच्या माऱ्याने उरलीसुरली कीड धुऊन गेली, याचे श्रेय पावसालाही दिलेच पाहिजे. छाटलेल्या फांद्यांना नवे, सरळ शेंडे फुटले. त्या वर्षी चतुर्थीला झाडावर फुले थोडी होती. आजीने मोजली तेव्हा नऊ भरली. नऊही गणपतीला वाहिली.

विसर्जनानंतर आजी रोह्याला जायला निघाली. बरोबर न्यायची काडी तिने स्वतः निवडली, पाने काढून टाकली, साबणाच्या पाण्यात बुडवून धुतली आणि नातीच्या हाती दिली. नातीने भिंग घेऊन एकेक बेचके पाहिले. तिसऱ्या बेचक्यात पांढरे काहीतरी होते. तिने श्वास रोखून नीट पाहिले. तो साबणाचा फेस होता.

“आणखी एकदा पाहा,” आजी म्हणाली, “गाडीला अजून वेळ आहे.”