गोचीडताप

'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' ही म्हण करणाऱ्यानं नक्की कुत्रा पाळला असणार. आमचा मोत्या तर फुकटच मिळाला. पण कानामागच्या एका गोचिडानं त्याला गोचीडताप दिला, आणि रक्ततपासणी, सलाइन, इंजेक्शनं मिळून बिल झालं ६,४०० रुपये!

"पेशंट बोलत नाही ना, म्हणून मशीनला बोलतं करावं लागतं," डॉक्टर म्हणाले. मला बोलता येतं, म्हणून माझं सुंठीच्या काढ्यावर भागतं. बरं, घरातली गोळी द्यावी, तर आपलं साधं पॅरासिटामॉल कुत्र्याला बाधतं; मांजराचा तर जीवच घेतं. सरकारी दवाखाना स्वस्त खरा, पण तिथं मान गाईम्हशींचा. आणि माझ्या आरोग्यविम्यात बायकोमुलं बसतात, मोत्या बसत नाही.

तीन दिवस मोत्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. हिनं दिवाळीच्या साडीचे पैसे मुकाट्यानं काढून दिले.

चौथ्या पहाटे तो दूधवाल्यावर असा भुंकला, की सारी आळी जागी झाली. शेजारी चिडले. आम्ही दोघं मात्र, मोठ्या गवयाची बैठक ऐकावी तसे, अंथरुणात पडून ऐकत होतो. तिकीट तेवढं महाग पडलं होतं.