तंजावर : तीन दिवसांचा बेत

दक्षिणेच्या सहलीचा बेत घरात शिजू लागला की नावे ठरलेलीच असतात. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. तंजावर वाटेवर लागते म्हणून यादीत शिरते आणि दीड तासात उरकले जाते.

आमचेही पहिल्यांदा तसेच झाले. एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. बस भर दुपारी बृहदीश्वराच्या देवळापुढे उभी राहिली. गाभारा बंद, पायाखालची फरशी तव्यासारखी तापलेली. माझे सासरे निवृत्त शिक्षक. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भोसले घराण्याचा मराठी शिलालेख या देवळात आहे, एवढे त्यांनी वाचले होते. तो शोधत ते आवारात फिरत होते, तोच बसचा हॉर्न वाजला. अण्णा काही बोलले नाहीत. पण मदुराई येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत बसले.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. फक्त तंजावरला, तीन दिवस. आपणही तसेच जावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपले काय आहे तिथे?

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे, कावेरीकाठच्या या सुपीक मुलखावर भोसले घराणे नांदले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे मराठीत नाटके लिहीत. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत रंगले ते १८४३ साली. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट!

पण तंजावरकर आजही ज्यांचे नाव घेतात ते दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२). कारभार इंग्रजांनी काढून घेतला, तेव्हा या राजाने विद्येचा संसार मांडला. वाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबईत मिशनऱ्यांचा मराठी छापखाना सुरू व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. राजे वैद्यकाचेही जाणकार होते. डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी त्यांनी चित्रांसह ठेवल्या.

हेच सरफोजी १८२०-२१ मध्ये काशीयात्रेला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसांचा काफिला होता. आपल्याला एवढ्याची गरज नाही. आजी-आजोबा, मुले, एखादे भावाचे कुटुंब मिळून दहा-बारा जण जमले तर बारा आसनांची गाडी पुरते.

कधी व कसे जाल?

आपण मराठी माणसे सहल काढतो ती दिवाळीच्या सुट्टीत. तामिळनाडूत मात्र तोच पावसाचा हंगाम. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, कधी वादळेही येतात. एप्रिल-मेचे ऊन तर वृद्धांना सोसवत नाही. तेव्हा नाताळची सुट्टी किंवा जानेवारी-फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पोंगलच्या चार दिवसांत, म्हणजे आपल्या संक्रांतीला, गाड्यांना फार गर्दी असते, हे मात्र ध्यानात ठेवा.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने सकाळी तंजावरला पोहोचता येते. विमानाने जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळ. तिथून तंजावर साठेक किलोमीटर. गाडी तिरुचीलाच ठरवली तर पुढची धावपळ वाचते.

तीन दिवस असे आखा

पहिला दिवस देवळाचा. पहाटे जा आणि पुन्हा संध्याकाळी जा. दुपारी चक्क झोपा. पायमोज्यांचा एक जोड जवळ असू द्या. राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० साली पूर्ण झाले. सुमारे २१६ फूट उंचीचे विमान सारे ग्रॅनाइटचे. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, असे कुणी छातीठोकपणे सांगेल. संध्याकाळी पडलेली सावली मुलांना स्वतः पाहू द्या.

दुसरा दिवस वाड्याचा. वाडा मूळचा नायक राजांचा, पुढे मराठ्यांनी वाढवलेला. दरबार महाल पाहा. कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्तींसमोर थोडे थांबा. मग सरस्वती महाल ग्रंथालय. ताडपत्रे, पोथ्या आणि मोडीतील कागद यांचा हा खजिना. सरफोजींनी काशीहूनही पोथ्या आणून त्यात भर घातली. त्याच्या संग्रहालयाच्या दालनात सर्वांना जाता येते; साप्ताहिक सुट्टी मात्र आधी विचारून ठेवा.

तिसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढा. तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू, तिथे कावेरीकाठी संत त्यागराजांची समाधी. पुढे चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणमजवळ दारासुरम. तिथल्या मंदिराचे कोरीवकाम इतके नाजूक की मुलेही गप्प होतात.

खाणे आणि खरेदी

केळीच्या पानावरचे जेवण आणि पितळी वाटीतून येणारी फिल्टर कॉफी, यांत मुलांचीही तक्रार राहत नाही. सांबाराची कथा मात्र जेवताना जरूर सांगा. म्हणतात, की शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला कोकम नव्हते, म्हणून चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजींचे नाव त्या पदार्थाला मिळाले. खरे-खोटे देव जाणे, पण गोष्ट रुचकर आहे.

तंजावर चित्रात सोन्याचा वर्ख असतो. म्हणूनच किंमत मोठी असते. वर्ख खरा आहे का, हे विचारूनच घ्या. खिशाला परवडणारी भेट हवी असेल तर मान डोलावणारी तंजावरची बाहुली आणा.

आणि तो शिलालेख

पहिल्याच सकाळी आम्ही देवळाच्या नैऋत्य बाजूला गेलो. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. भिंतीवर ओळीमागून ओळी देवनागरी अक्षरे. भोसले वंशाचा हा इतिहास सरफोजींनी १८०३ साली कोरवून घेतला. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत तो गणला जातो.

अण्णांना डोळ्यांनी नीट लागेना. माझी धाकटी, तेव्हा चौथीत होती, भिंतीला नाक लावून अक्षरे जुळवू लागली. अडखळत, एकेक अक्षर जोडत. ‘शहाजी’ लागले. पुढे ‘शिवाजी’ लागले, तशी ती ओरडलीच, “आजोबा, हे तर आपलं मराठी आहे!”

शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाई हसल्या. कपाळाला विभूती, नेसणे तिकडच्या पद्धतीचे. तमिळ हेलाच्या मराठीत त्यांनी विचारले, गाव कोणते? पिढ्यान् पिढ्या तंजावरात राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबातल्या त्या होत्या. अण्णा आणि त्या ओट्यावर बसून तासभर बोलत राहिल्या.

यावेळी हॉर्न वाजवणारे कुणी नव्हते.