न्हाणीमागची ओल

आमच्या न्हाणीचं पाणी पोफळीच्या बुंध्याशी जायचं, त्यामुळं तिथं बारा महिने ओल. त्या ओलीवर आईचं अळू, आणि अळवाच्या कडेनं पिवळा माका. केसांच्या तेलात घालतात तो पांढऱ्या फुलांचा माका सगळ्यांना ठाऊक असतो. हा त्याचा भाऊबंद. लांबट, खरखरीत पान, पिवळंधमक फूल. जमिनीवर सरपटत पेरापेराला मुळं धरतो, त्यामुळं दरसाल बी पेरायला नको.

ऊन वर आलं की त्यावर सातेरी माशा यायच्या. त्यांचं पोळं आमच्याच गडग्याच्या पोकळीत होतं. पावसाळ्यात मांडवावर तवशीचा वेल चढला की आई म्हणायची, "माशा परसात ऱ्हायल्या तर तवशी धरतात." काकडीची नर-मादी फुलं वेगळी असतात, माशीवाचून पराग पोचत नाहीत, हे मी शाळेत पाठ केलं होतं. आई तेच सांगत होती, एवढं मात्र डोक्यात शिरलं नाही.

ठाण्याला नोकरी लागल्यावर एका गणपतीत मी ती जागा 'साफ' केली. घर जरा बंगल्यासारखं दिसावं, ही हौस! नर्सरीतून वेडेलिया आणून लावला. फूल तसंच पिवळं, पान मात्र तीन टोकांचं. आईनं एक पान तोडून उलटसुलट पाहिलं. "ह्ये आपलं नव्हे," एवढंच म्हणाली.

खरंच नव्हतं. मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. जगातल्या 100 उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. माशा त्याच्याही फुलावर बसतात, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षांत त्यानं अळू गिळलं, ब्राह्मी गिळली, आणि गडगा असा झाकून टाकला की पोळ्याचं तोंडच दिसेना. माशा कधी उठून गेल्या ते कुणी पाहिलं नाही. शेवटच्या पावसाळ्यात आई मांडवाखाली उभी राहून नर फूल मादी फुलावर स्वतः टेकवत होती. मला पाहून हसली. बोलली काही नाही.

ती गेल्यावर मी गावी परतलो. वेडेलिया उपटायला दोन पावसाळे लागले. पिवळा माका मिळाला तो शेजाऱ्यांच्या भातशेताच्या मेरेवर. वीतभर फांद्या आणल्या, दोन-दोन पेरं चिखलात दाबली, बाकी काही केलं नाही. आता फुलं आहेत, बारक्या काळ्या माशा येतात, फुलपाखरं येतात. सातेरी अधूनमधून दिसते. गडग्याची पोकळी रिकामीच आहे.

परवा पायरीच्या फटीत तीन टोकांच्या पानाचा कोंब दिसला. उपटून तापलेल्या कातळावर वाळत घातला. कुंपणापलीकडं टाकला असता तर तिथंही रुजला असता.