चित्रं कुठे बघायची?

टायफॉइड उतरला तरी अंगात त्राण नव्हतं. बोईसरच्या घरात पडल्या पडल्या रोमवरचं पुस्तक चाळत होते. काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तिन्ही चित्रं ज्या चर्चसाठी काढली, तिथेच चारशे वर्षं आहेत. हेवा वाटला.

आपल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसला पोहोचली, २०११ला पद्मश्री आली. पण मला आठवत राहतो तो वारली लग्नातला चौक. गेरूने सारवलेला कूड, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, मधोमध पालघाट देवी. पुढच्या सारवणात सगळं पुसलं जातं. टिकवायलाच हवं का? कोण जाणे.

म्हसे २०१८ साली गेले. त्यांची मुलं चित्रं काढतात. डहाणूला उतरून गंजाडला एकदा जाऊन या.