राखीव बांक

गतवर्षीं दिवाळीच्या सुट्टींत माझ्या मुलानें मला संगणकावरील ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ शिकविला. त्यांत चेंडूस आपण पाय लावावयाचा नसतो. संघाची निवड, मैदानावरील मांडणी व होतकरू मुलांची तयारी, एवढेंच आपलें काम. खेळाडूच्या प्रत्येक गुणास १ ते २० पैकीं आंकडा दिलेला असतो. पण तो पुढें कोठवर जाईल, हा २०० पैकीं असलेला आंकडा मात्र खेळ लपवून ठेवतो. हेर केवळ अंदाज सांगतात.

प्रत्येक सामना जिंकावा म्हणून मीं कसलेल्या गड्यांनाच खेळविलें. जिंकलोंही, पण दोनतीन हंगामांत ते थकले, आणि सामने न मिळाल्यामुळें राखीव बांकावरील मुलांची वाढ खुंटली.

तेव्हां सुरगाण्यांतील माझा वर्ग डोळ्यांपुढें उभा राहिला. फळ्यावर गणित सोडवावयास मी नेहमीं त्याच दोघांतिघांस बोलावीत असें! यंदा जूनपासून शेवटच्या बांकावरील, दूरच्या पाड्यावरून चालत येणाऱ्या मुलाच्या हातीं खडू देऊं लागलों आहें. तो चुकतो, तास लांबतो, पुढचीं मुलें चुळबुळतात. पण बालमित्रांनो, तो लपलेला आंकडा मला येथेंही दिसत नाहीं. म्हणूनच त्याची संधि नाकारण्याचा अधिकारही मला नाहीं.